नाबोराने उपाशी ठेवलेली बुरशी

मी काळी बुरशी बोलतेय. तोंड वाकडं करू नका. तुमच्या कांद्याच्या टरफलाखाली जी काळी भुकटी असते आणि बोटाला लागली की तुम्ही ती घाईघाईने पुसून टाकता, ती माझ्याच नात्यातली. तिला कोणी विचारत नाही, म्हणून ती सुखी आहे. मला विचारलं, निवडलं, जपलं. त्याचीच ही हकिकत आहे आणि ती काही फार चांगली नाही.

तुमच्यापासून सातासमुद्रापार, पेद्रेगाल गावात एका पांढऱ्या खोलीत माझं बिऱ्हाड आहे. बाहेर दगड, निवडुंग आणि नजर जाईल तिथवर घायपात. बसने अडीच तासांवर पाचुका शहर. कोणाला मोठा आजार झाला की त्याला तिकडे नेतात, आणि पुष्कळदा तिकडून आणतात ते झाकूनच.

मला आयुष्यात एकच काम येत होतं. घायपाताची पानं छाटली की मधे मोठा गड्डा उरतो, दोघांनी मिळून उचलावा एवढा. त्याच्यात साखर असते, पण कडीत कडी अडकवलेली. शिकलेले लोक तिला इन्युलिन म्हणतात. जिभेवर ठेवलीत तर धड गोड नाही, नुसती पिठूळ लागते. मी तिच्यावर लाळ सोडायचे. लाळेने एकेक कडी सुटी व्हायची आणि सुटी झालेली प्रत्येक कडी म्हणजे फळांतली साखर, फ्रुक्टोज, उसापेक्षाही गोड. माझ्या लाळेला ते लोक एन्झाइम म्हणतात. म्हणोत बापडे.

पण हे मी कोणावर उपकार म्हणून करत नव्हते. भूक लागली की करायचे. पुढ्यात तयार साखर असली तर लाळ गाळत बसायचं मला काही कारण नाही. ताट वाढून समोर आलेलं असताना तुम्ही तरी जात्यावर दळायला बसाल का? एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

माझा जन्म सेलेरिनोच्या शेतातला. सेलेरिनो हा पुल्केवाला. घायपाताच्या पोटात खळगा कोरायचा, त्यात साचलेलं मधपाणी सकाळ-संध्याकाळ पोकळ लांबट भोपळ्यातून तोंडाने ओढून काढायचं, घरी आणून विरजण लावायचं, की झाली पुल्के, म्हणजे आंबूस पांढरी दारू. त्याच्या बापाने हेच केलं, आज्यानेही हेच. सेलेरिनो साठीला आला तोवर गावातली तरणी माणसं बियर प्यायला लागली होती, आणि त्याच्या पुल्केला पाच-सहा म्हातारेच काय ते गिऱ्हाईक उरले होते.

एका वर्षी थंडीने कहर केला. तोडून ठेवलेले गड्डे बांधावर तसेच पडून राहिले, गोठले, मग उन्हाने नरम पडून सडले. वाऱ्यावरून मी तिथे येऊन पडले. आजूबाजूला साखर होती, पण सगळी कुलपात. पोटात आग पडली होती. मी लाळ सोडली, कुलपं उघडली आणि जगले.

सेलेरिनोची एकुलती एक मुलगी नाबोरा तेव्हा घरी आली होती. पाचुकाला खाण्यापिण्याचे जिन्नस तपासायच्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. पस्तिशीची, हाडकुळी, एकटी, बोलणं थोडं आणि तेही तोडून. ती बांधावर वाकली, नखाने सडका गड्डा खरवडला आणि सरळ जिभेवर ठेवला.

"थू! पोरी, सडकं चाटतेस?" सेलेरिनो ओरडला.

"अप्पा, जिथे काळं आहे तिथेच गोड लागतंय. बाकी सगळं पिठूळ."

"मग मुंग्यांना जाऊन सांग. मला काय सांगतेस?"

नाबोरा हसली नाही. तिने केसातली पिन काढली, मला टोकावर उचललं आणि काचेच्या नळीत घातलं. तेव्हापासून मी तिची झाले.

तिला गोडाचं एवढं का पडलं होतं, ते मला पुढे कळलं. पेद्रेगालच्या बायका पिढ्यान् पिढ्या घायपाताची काकवी करत आल्या. मधपाणी काहिलीत ओतायचं आणि लाकडाच्या जाळावर दहा-दहा तास आटवायचं, ढवळत राहायचं, बाजूला होऊन चालत नाही. नाबोराची आई क्रेसेन्सिया वयाच्या बाराव्या वर्षापासून त्या धुरात उभी होती. शेवटची सहा वर्षं ती बसून झोपायची, कारण आडवं पडलं की श्वास लागायचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली. पाचुकाच्या डॉक्टरने विचारलं, "बाई सिगारेट किती ओढायच्या?" सेलेरिनो म्हणाला, "आयुष्यात एक नाही." डॉक्टरला ते खरं वाटलं नाही.

नाबोरा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने आईच्या मातीला शपथ वगैरे घेतली नाही, ती तसली नव्हती. पण काहील थंड करायची एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. गड्ड्याचा रस जाळावर न आटवता गोड करता आला, तर बायकांना धुरात उभं राहावं लागणार नाही.

प्रयोगशाळेत तिने बांधाबांधावरून आणलेल्या माझ्यासारख्या एकतीस जणी एकतीस नळ्यांत ठेवल्या आणि आम्हाला उपास घडवला. गड्ड्याच्या पिठूळ रसाखेरीज दुसरं काही द्यायचं नाही. बऱ्याच जणी मेल्या. काही जगल्या पण खंगल्या. मी एकोणीस नंबरची. माझी लाळ सगळ्यांत तेज निघाली. त्या दिवशी नाबोराने माझी नळी उजेडासमोर धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. माझ्याकडे तसं दुसरं कोणी कधी बघितलेलं नाही.

मग ती नोकरी सोडून गावी आली. सेलेरिनोची पुल्के आंबवायची खोली रिकामीच पडली होती. या खोलीचे नियम फार कडक. आत जाताना पुरुषांनी टोपी काढायची, कपाळाला हात लावायचा, शिवी द्यायची नाही, आणि बाईने तर उंबरा ओलांडायचाच नाही, नाहीतर विरजण फाटतं. लहानपणी नाबोरा उंबऱ्याबाहेर उभी राहून बापाला जेवणाचा डबा द्यायची. आता तिनेच खोली धुऊन काढली, बैलाच्या कातड्याच्या जुन्या टाक्या बाहेर टाकल्या, भिंतींना पांढरा रंग दिला आणि दाराला पाटी लावली, की विचारल्याशिवाय आत येऊ नये.

"आता मी विचारून येऊ?" सेलेरिनो म्हणाला. "माझ्या बापाच्या खोलीत?"

"हात धुऊन या," ती म्हणाली.

तो हात धुऊन आला. पण टोपी मात्र काढूनच आला, आणि कपाळालाही हात लावला. मी त्याच्याकडे बघून मनातल्या मनात हसले. म्हातारा मला देवीच समजत होता की काय, कोण जाणे.

काम असं चालायचं. बाटलीत गड्ड्याचा रस, त्यात मी. चार दिवसांत माझी लाळ रसात उतरायची. मला गाळून वेगळं करायचं आणि ती लाळ मोठ्या स्टीलच्या टाकीतल्या रसात सोडायची. रस अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडा गरम ठेवायचा, बस. दुसऱ्या दिवशी तो गोडमिट्ट. मग उरलेलं पाणी गॅसवर तास-दोन तास उडवायचं. धूर नाही, राख नाही, डोळे चोळणं नाही.

काकवी करणाऱ्या अकरा जणींत सगळ्यांत थोरली तोमासा. ती क्रेसेन्सियाची धाकटी बहीण, नाबोराची मावशी. जिभेला हाड नाही. पहिल्या टाकीची चव घ्यायला ती आली ती नाकाला ओढणी लावूनच.

"बुरशीचं थुंकलेलं मी खायचं का गं?"

"मावशी, पुल्के पिताना विचारतेस का कोण थुंकलंय ते?"

"पुल्के दाजींनी केलेली असते. निदान माणूस तरी ओळखीचा."

तिने चमचा चाटला. मग परत चाटला. मग चमचा खाली ठेवून टाकीकडे बघत राहिली. "क्रेसे हे बघायला पाहिजे होती," ती म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसत बाहेर गेली. बायकांनी काहील पालथी घातली. दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

दोन वर्षं चांगली गेली. माझ्या आयुष्यातली तीच दोन. पेद्रेगालच्या बायका दुपारी सावलीत बसून घायपाताच्या तंतूंचा वाख वळत गप्पा मारू लागल्या. एकीचे डोळे निवळले, एकीचा खोकला थांबला. मी बाटलीत बसून ऐकायचे. घमेंड आली होती मला, खोटं कशाला बोलू. एवढीशी मी, आणि अकरा बायकांचा धूर विझवला.

तिसऱ्या वर्षी नाबोराचे पाय सुजले. मग चेहरा. दम लागायला लागला. पाचुकाला सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायचं. तीनदा येणं-जाणं जमणारं नव्हतं. तिथेच खोली घेऊन राहायचं ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी तिने सेलेरिनोला समोर बसवलं. शीतपेटी उघडून तीन नळ्या दाखवल्या.

"अप्पा, या आईनळ्या. हिचं मूळ फक्त या तिघींत आहे. प्रयोगशाळेत होतं ते त्यांनी फेकून दिलं. दर महिन्याला यातली कणभर काढायची, बाटलीत सोडायची. जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत कधी नाही. दर वेळी नळीतूनच."

"आणि विरजण दुबळं झालं तर?"

"हे विरजण नाही, अप्पा."

"बरं, नाही."

"आणि हिला फक्त गड्ड्याचा रस. मधपाणी नाही, गूळ नाही, साखर नाही. ही उपाशी असली तरच काम करते. उपाशी ठेवायची. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

त्याने ऐकलं, पण मान खाली घालून. पुल्केवाल्याच्या घरात विरजण उपाशी ठेवणं म्हणजे पाप. रोज सकाळी ताजं मधपाणी आधी विरजणाला, मग घरच्यांना. विरजण उपाशी राहिलं तर घरातलं कोणीतरी जातं, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलेलं. क्रेसेन्सिया गेली त्या आठवड्यातसुद्धा त्याने विरजणाचा घास चुकवला नव्हता.

पहिले पाच आठवडे त्याने सगळं सांगितल्यासारखं केलं. हात धुतले, कणभर काढलं, गड्ड्याचा रस घातला. मला बाटलीत कासावीस झालेलं बघून तो तोंडाने चुकचुकायचा आणि दार ओढून घ्यायचा.

मग तो पाचुकाला लेकीला भेटायला गेला. टोपलीत घेऊन गेला घेवड्याच्या शेंगा, निवडुंगाची भाजी, संत्री, टोमॅटोची चटणी. संध्याकाळी ती टोपली घेऊन तो सरळ माझ्या खोलीत आला. टोपली भरलेलीच होती.

तो माझ्याशी बोलायचा, हे सांगायचं राहिलं. नाबोरा गेल्यापासून बोलायचा.

"काही खाऊ देत नाहीत तिला," तो म्हणाला. "शेंगा नको, टोमॅटो नको, संत्रं तर विष म्हणे. मीठ नाही. पाणी मोजून देतात. औषधाच्या पेल्याएवढा पेला, दिवसाला चार. ओठ फुटलेत तिचे. मी म्हटलं, अहो, तहान लागलीये तिला. नर्स म्हणाली, काका, पाणीच तिला मारेल."

त्याने संत्रं सोललं. खाल्लं नाही, हातात धरून बसला. मग उठला, बाहेर जाऊन मधपाण्याची वाटी घेऊन आला आणि माझ्या बाटलीचं बूच काढलं.

"तू तरी खा," तो म्हणाला.

मी खाल्लं. मी सांगते तुम्हाला, मला थांबता आलं असतं असं नाही, पण थांबावंसंही वाटलं नाही. तयार साखर, ऊन ऊन, माझ्यासमोर. जन्मापासून कुलपं तोडून खाल्लेली मी. त्या दिवशी मी पहिल्यांदा नुसतं बसून खाल्लं आणि मला फार बरं वाटलं. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात मी बाटलीत मावेनाशी झाले. मग त्याने परसातून मातीचा घडा आणला आणि पुल्केच्या विरजणाला करतात तसं मला बाटलीतून घड्यात, घड्यातून दुसऱ्या घड्यात असं वाढवत नेलं. रोज सकाळी ताजा घास. त्याचा हात सराईत होता. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं.

माझ्या आत काय झालं, ते तुम्हाला वरून दिसायचं नाही. मी एक नाही, लाखो आहे. त्या लाखोंत ज्या कष्टाळू होत्या, कुलपं तोडणाऱ्या, त्या मागे पडत गेल्या. ज्या नुसत्या खाणाऱ्या होत्या त्या भराभर वाढल्या. मधपाण्यातून परकी मंडळीही आली, आंबवणारी, बुडबुडे काढणारी. त्यांनीही पाट मांडले. दीड महिन्यात माझ्या लाळेला धार उरली नाही.

टाकीतला रस गोड होईना.

"दाजी, हे काय, भाताची पेज का?" तोमासाने चमचा हलवून विचारलं.

"थंडी पडलीये. तापमान कमी पडतंय."

"मे महिन्यात?"

त्याने तापमान वाढवलं, रस बदलला, टाकी पुन्हा पुन्हा घासली. मग शीतपेटीतून पहिली आईनळी काढली. हातात धरून पाहिली. बर्फगार, मूठभरही नाही एवढी बारीक, वाळलेली. "काय दशा केलीये हिची," तो म्हणाला आणि आधी तिला मधपाणी पाजलं, मग बाटलीत सोडलं. पुढच्या महिन्यात दुसरी. तिसरी तो आठवडाभर काढेना. रोज पेटी उघडायचा, बघायचा, बंद करायचा. एका सकाळी त्याने तिलाही बाहेर काढलं आणि ती थंड नळी छातीशी धरून ऊब देत बसला.

अकरा घरांचं पोट काकवीवर होतं. बायकांनी किती दिवस थांबायचं? तोमासाने काहिलीवरच्या कोंबड्या हुसकल्या, काहील सुलटी केली आणि पहिली काडी ओढली.

नाबोराचा फोन यायचा. एकदा खोलीतच आला.

"कशी आहे ती?"

"मजेत. चांगली बाळसेदार झालीये."

"बाळसेदार? अप्पा, तुम्ही तिला काही देत नाही ना?"

"गड्ड्याचा रस. तू सांगितलास तोच."

"गोडी उतरते?"

"उतरते ना. मावशीलाच विचार." त्याने फोन दारात उभ्या असलेल्या तोमासाच्या हातात दिला.

तोमासाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या कपाळाला काजळी लागली होती. "मुंग्या लागताहेत बाई, मुंग्या," ती म्हणाली. फोन ठेवून ती वळली. "दाजी, हे खोटं मी तुमच्यासाठी नाही बोलले. ती तिथे मशीनला टांगलेली आहे म्हणून बोलले. पण तुम्ही हे थांबवा. ते काळं बाळ तुमचं नाही."

त्याने थांबवलं नाही.

ऑगस्टमध्ये नाबोराला घरी आणलं. हातांच्या, मानेच्या सगळ्या शिरा मिटल्या होत्या, मशीनची सुई जायला जागा उरली नव्हती. तिनेच सांगितलं, आता घरी चला. तिला श्वास लागत होता, म्हणून खाट माझ्या खोलीत टाकली. गावात बिनधुराची तेवढी एकच खोली, असं तिला वाटत होतं.

आत आणताच तिने नाक फेंदारलं. "धूर कसला येतोय?"

"शेजारी मक्याच्या तोर्तिया भाजताहेत," सेलेरिनो म्हणाला.

मी तिला ओळखलंच नाही आधी. चेहरा पिवळट, फुगलेला, हात काडीसारखे. पण डोळे तेच. ते टाकीवर गेले, शीतपेटीवर गेले, मग कोपऱ्यात कापडाने झाकलेल्या तीन घड्यांवर थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अप्पा, आपली काकवी द्या ना जिभेवर. एवढीशी."

सेलेरिनो बाहेर गेला. यायला त्याला उशीर लागला. वाटी घेऊन आला तेव्हा तोमासा त्याच्या मागे दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. त्याने चमच्याच्या टोकाने तिच्या जिभेवर काकवी लावली.

नाबोराने डोळे मिटले. जीभ टाळूला लावून राहिली.

"आईच्या ओढणीला असा वास यायचा," ती म्हणाली.

दारात तोमासा खोकली, तोंडावर हात धरून.

"ही काहिलीतली आहे, अप्पा. आईनळ्या कुठे आहेत?"

त्याने घड्यांकडे बोट केलं.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"आणा इकडे एक."

त्याने मला तिच्या खाटेपाशी आणून ठेवलं. तिने कापड दूर केलं. मी लठ्ठ, ओली, पांढुरकी, फेसाळलेली. माझा काळा रंगसुद्धा उरला नव्हता. तिने वास घेतला. आंबूस. मला वाटलं, जमीन फाटावी आणि घडा आत जावा.

"विरजण केलंत हिचं," ती हळूच म्हणाली.

"रोज घालत होतो. सकाळी. एक दिवस चुकवला नाही. तुला तिथे पाणी मोजून देत होते, पोरी. मी टोपली परत आणायचो. कोणाला घालू मी? ही इथे उपाशी, तू तिथे उपाशी. म्हटलं, हिला घातलं तर निदान..." साठी उलटलेला माणूस लहान मुलासारखा हुंदके देत होता.

"तुम्हाला कळलं नाही का, की बिघडतंय?"

"कळलं. दुसऱ्या महिन्यातच कळलं."

"मग?"

"मग हात थांबेना."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिची वीस वर्षं त्या घड्यात आंबत पडली होती आणि बाहेर तिची मावशी धुरात उभी होती. तिने नुसतं कापड पुन्हा घड्यावर ओढलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. अंगात तेवढं पाणीच नव्हतं बहुतेक.

मग तिने मान वळवली. "अप्पा, तहान लागलीये."

तो धडपडत उठला आणि इस्पितळातून आणलेला तो छोटा पेला शोधू लागला.

"त्यात नको. मधपाणी काढलंत ना सकाळचं? वाटीभर द्या. मोठ्या वाटीने."

"अगं, डॉक्टर..."

"डॉक्टरांनी आता मोजायचं सोडलंय."

तोमासा दारातून "नको गं, नको" म्हणाली, पण आत आली नाही. सेलेरिनो वाटी घेऊन आला. त्याने तिच्या मानेखाली हात घातला आणि घोट घोट पाजायला लागला. ती पीत होती आणि तिच्या हनुवटीवरून ओघळ गळत होते, आणि तो ते अंगठ्याने पुसत होता. पहिली वाटी संपली. तिने दुसरी मागितली. तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं. तो सुखात होता. मी पुष्कळ सडणं बघितलंय, पण त्याच्या चेहऱ्यावरच्या त्या सुखाएवढं वाईट काही बघितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत नाबोरा गेली. तिला आईच्या शेजारी पुरलं.

आता काहील रोज पेटते. पांढऱ्या भिंतींवर धुराची पुटं चढली आहेत, दाराची पाटी पडली ती कोणी लावली नाही. तोमासा आता बसून झोपते असं मी ऐकलं. तिची सून काहिलीवर उभी राहायला लागलीये. जेमतेम विशीची.

सेलेरिनो रोज सकाळी येतो. वाटी आणतो, माझ्यावरचं कापड काढतो, आणि म्हणतो, "ऊठ, नाबोरा. खाऊन घे." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मला वाटलं, चुकून म्हणाला. आता वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणी शिकलेलं माणूस कधी इकडे आलंच, तर त्याला माझं एक सांगणं आहे. बांधावर सडलेले गड्डे अजून असतात. जिथे काळं दिसेल तिथे जिभेने चाटून बघा. कुलपं तोडणाऱ्या उपाशी बहिणी माझ्या अजून तिथे आहेत. त्यातली एखादी न्या, तिला उपाशी ठेवा, आणि ती काहील विझवा. त्या सुनेला खोकला लागायच्या आत विझवा.

मला मात्र नेऊ नका. मला ओतूनही टाकू नका. म्हाताऱ्याला रोज सकाळी कोणाला तरी भरवायचं असतं, आणि मला आता खाण्याशिवाय दुसरं काही येत नाही.